शेवटच्या पानावर कुत्री नव्हती

केरबाला अक्षरं आली ती साठी उलटल्यावर. तालमीच्या मागच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग भरायचा, तिथं धोतराच्या सोग्यानं पाटी पुसत तो बाराखडी शिकला. शिकला खरा, पण भरगच्च छापलेलं पान समोर आलं की त्याचा जीव दडपायचा. जत्रेत पोर हरवावं तसं त्याचं बोट ओळींत हरवायचं. म्हणून नात संयोगिता शाळेतून गोष्टीची पुस्तकं आणायला लागली, तेव्हा केरबानं त्यातलं एकच आपलं मानलं. दक्षिण ध्रुवावर गेलेल्या माणसांचं. त्यात नुसतं बर्फ होतं. अख्खं पान पांढरं आणि खाली कोपऱ्यात दोन ओळी, मोकळ्या माळावरून चाललेल्या म्हशींसारख्या. तिथं बोट हरवायची भीती नव्हती.

सकाळची शाळा सुटून संयोगिता घरी आली की दोघं परसातल्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसत. मागं म्हशी रवंथ करत, पुढं पुस्तक उघडलेलं.

"वा-द-ळ," केरबा बोट सरकवत म्हणे. "वादळ, काजळ आणि भोवरा आनंदानं गाडी ओढू लागले."

ही कुत्र्यांची नावं. बिनचाकाची गाडी, तिच्यावर सामानाचा ढीग, पुढं कुत्री आणि मागं गुबगुबीत कोट घातलेली गोरी माणसं. त्या पुस्तकातल्या बर्फाला गारठा नव्हता. माणसांचे गाल पेरूसारखे लाल आणि तोंडभर हसू. कुणाच्या बोटांना भेगा नव्हत्या, कुणी कुत्र्यांना खायला घालत नव्हतं. सूर्य डोंगरामागं जायचंच विसरला होता. दुपारच्या उन्हात ती पानं बघता बघता केरबाचे डोळे मिटत आणि तोही त्या पांढऱ्यातून चालू लागे. पायात वहाणा, खांद्यावर घोंगडं, पुढं मोरी म्हैस. तिच्या खुरांचा आवाज येत नसे. कुठं जायचं ते ठाऊक नसे आणि त्याचं काही वाटतही नसे.

"आबा, झोपू नकोस की," संयोगिता त्याचा गुडघा हलवी. "पान उलट."

त्या शुक्रवारी दोघं पहिल्यांदा शेवटच्या पानापर्यंत पोचली. तिथं झेंडा रोवलेला होता, माणसं हात वर करून हसत होती. संयोगितानं पान डोळ्यांजवळ नेलं, मग मागची पानं चाळून पाहिली.

"आबा, कुत्री कुठं गेली?"

केरबानं पाहिलं. मधल्या पानांवर कुत्री कमी कमी होत गेली होती आणि शेवटी एकही नव्हतं. लिहिणाऱ्यानं त्यांच्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. जिथं ती असायला हवी होती, तिथं पांढरं पान होतं.

"गेली असतील मामाच्या गावाला," तो सवयीनं म्हणाला.

"बर्फात मामाचं गाव असतंय व्हय?"

केरबा पान मागं उलटायला लागला.

"आपली हरणी म्हैस गेली ती पण तिकडंच?"

केरबानं पुस्तक मिटलं. म्हैस भाकड झाली, म्हणजे पुन्हा गाभण राहीना आणि दूध आटलं, की त्याच्या घरातून ती अशीच जायची. पोरांना मामाच्या गावाचं सांगायचं. खाटकाचं नाव घरात कुणी काढायचं नाही. त्याच्या बापानं त्याला हेच सांगितलं होतं. आणि उद्या सकाळी मोरी जायची होती. केरबाचा थोरला मुलगा सयाजी हा आण्णा नावाच्या जनावरांच्या व्यापाऱ्याशी बोलून आला होता. गल्लीत टेम्पो शिरत नाही, तेव्हा म्हैस पंचगंगेच्या घाटावर आणून द्यायची. मोरी दुसऱ्या कुणाच्या हाताला येत नसे, म्हणून न्यायची केरबानंच.

सकाळी नदीवरून असं धुकं उठलं होतं की समोरची देवळं पुसून गेली होती. केरबा दावं धरून चालला आणि दहा पावलांत त्याला वाटलं, आपण पुस्तकात शिरलो. सगळीकडं पांढरं, आणि मधे तेवढी मोरी काळी. पण हे पांढरं बोचरं होतं. नाकाचा शेंडा बधिर झाला, बोटांच्या भेगा चरचरल्या. मोरी संथ चालली होती. मधेच थांबून मागं बघे, हा येतोय की नाही म्हणून.

घाटाच्या वरच्या अंगाला टेम्पोचा खोकल्यासारखा आवाज ऐकू आला.

"कोण हाय त्ये?" धुक्यातून आण्णा ओरडला. "केरबा, तूच न्हवं?"

केरबानं ओ दिली नाही. त्याच्या मनात एक विचार आला आणि तो त्याला फार सोपा वाटला. दावं सोडून द्यावं. मोरी धुक्यात जाईल तिकडं जाईल. आण्णाला सांगायचं हरवली, सयाजीला सांगायचं हरवली, पोरीलाही तेच. विकली नाही आणि ठेवलीही नाही. त्यानं मुठीतलं दावं सैल सोडलं. दोरीचं टोक ओल्या दगडांवरून सरपटत गेलं. मोरी चार पावलं गेली, तिची पाठ करडी झाली, मग नुसती सावली, मग पान कोरं.

केरबा त्या कोऱ्या पानाकडं बघत उभा राहिला. इथं दोन ओळीसुद्धा नव्हत्या.

तेवढ्यात खाली पाण्याशी काहीतरी घसरल्याचा आवाज झाला. काही विचार करायच्या आत केरबाच्या तोंडून पाडव्याची हाळी निघाली.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरांच्या माळा घालायच्या आणि मालकानं पुढं जाऊन हाळी द्यायची. म्हैस शेकडो माणसांतून वाट काढत आपल्या मालकापाशी धावत येते. त्यासाठी तिला रेडकू असल्यापासून त्याच आवाजावर वाढवतात. मोरी या कामात एक नंबर होती.

"हो... र्र! मोरे, हो... र्र!"

क्षणभर नदीसुद्धा वाहायची थांबल्यासारखी झाली. मग पांढऱ्यात एक काळा ठिपका उमटला. ठिपक्याची शिंगं झाली, शिंगांखाली डोळे. म्हातारी मोरी पाडव्यासारखी धावत आली, मांडीपर्यंत ओली, आणि केरबाच्या छातीला कपाळ टेकून फुसफुसली. तिच्या श्वासाची वाफ त्याच्या तोंडावर आली. केरबाची बोटं तिच्या मानेखालच्या उबेत शिरली.

"आण्णा," त्यानं वर ओरडून सांगितलं, "तू जा बाबा. द्यायची न्हाय."

"आरं, येरवाळी उठवून थट्टा करतोस व्हय?"

"चहाला ये घरी. पण टेम्पो घेऊन येऊ नगंस."

आण्णानं दोन कचकचीत शिव्या घातल्या. टेम्पो खोकत निघून गेला.

घरी सयाजी दारातच उभा होता. "टेम्पो आला न्हाय व्हय?"

"आलता."

"मग?"

"ही पण आली."

"आबा, हिला वैरण कशाची घालू? ही आता एक थेंब द्यायची न्हाय."

"दिलंय तिनं आधी. आपली पोरगी त्यावरच वाढली. हिच्यापुरती वैरण मी आणीन कापून, रंकाळ्याकडनं."

"गुडघं चालत्यात का तुमचं?"

"हिच्याइतकं चालत्यात."

सयाजीनं कपाळाला हात लावला. बराच वेळ तो पुटपुटत राहिला. पण पुटपुटतच त्यानं मोरीचे ओले पाय पोत्यानं पुसले आणि तिच्यापुढं पेंढी टाकली.

दुपारी संयोगिता पुस्तक घेऊन उंबऱ्यावर आली. सोमवारी ते परत करायचं होतं. तिनं शेवटचं पान उघडलं.

"आबा, खरं सांग. कुत्री कुठं गेली?"

केरबानं पांढऱ्यावर हात फिरवला. "त्यास्नी कामापुरतं ठेवलं, बाळ. काम झाल्यावर परत आणलं न्हाय. आपली हरणी पण तशीच गेली. मामाचं गाव न्हवतं ते."

पोरीनं मागची पानं पुन्हा एकेक करून चाळली. मोरीच्या शेपटीनं माशी हाकलल्याचा तेवढा आवाज.

"हाळी दिली असती तर आली असती?"

"आली असती की," केरबा म्हणाला. "लांबनं आली असती."

संयोगितानं पुस्तक तोंडाजवळ नेलं. पानावर श्वास लागेल इतक्या जवळून तिनं हळू हाळी दिली, आजा देतो तशीच. वादळ, हो... र्र. काजळ, हो... र्र. भोवरा.

मागं गोठ्यात मोरी आपल्यालाच बोलावलं समजून उठून उभी राहिली.