रेनकोटांचे कोबी

नवा रस्ता उंच झाल्यापासून पावसाचं सगळं पाणी आमच्या शिवणाच्या दुकानात उतरतं. आणि त्याच रस्त्याच्या कंपनीने मजुरांसाठी रेनकोट शिवायला दिलेत. पाऊस दरवर्षी वाढतोय, तसं आमचं कामही. आज माल पोचला नाही तर पुढचं काम दुसऱ्याला जाणार होतं, आणि दुकानात गुडघाभर पाणी.

"पाण्यातून नेताना गठ्ठे आतून भिजले तर कोण घेणार गं?" मी रडकुंडीला आले.

"अंगावर घाल की! एकावर एक," नणंद म्हणाली.

सासूबाई, नणंद आणि मी, तिघी कोबीच्या गड्ड्यांसारख्या कंपनीकडे निघालो. हात खाली येईनात, हसून हसून चालवेना.

"माल कुठाय?" कंपनीच्या साहेबांनी विचारलं.

"सोला आम्हाला," सासूबाई म्हणाल्या.

सगळे रेनकोट अंगावरून निघाले, पण नणंदेचा शेवटचा निघेना. घाईत तिने सगळ्यात लहान मापाचा आत घातला होता. साहेबांनी बाही ओढली, आम्ही तिला मागून धरलं, आणि सटकन सगळे जमिनीवर! नणंद आतून ठणठणीत कोरडी.

"एक टाका उसवला नाही," साहेब बसल्या बसल्याच म्हणाले. "पुढचेही तुम्हीच शिवा. फक्त थोडे ढिले ठेवा."

"ठेवतो. तुम्ही तेवढं रस्त्याला गटार ठेवा," नणंद म्हणाली.