हंगामाचा पास

‘धरलंय गं, धरलंय. सोडलं नाही मी.’

बाबांचा तो आवाज क्षितिजाला अजून ऐकू येतो. तेव्हा ती सहा वर्षांची होती. पायांत न्यू मार्केटमधून आणलेले चार चाकांचे स्केट, पुढे पिपलानीचा उतार, कारखान्याच्या पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधीचा मोकळा रस्ता. बाबा मागून धावत होते, पाठीवर तळहात ठेवून. ‘धरलंय गं’ म्हणता म्हणता तो आवाज लांब गेला, आणखी लांब गेला, तेव्हा तिला कळलं की हात केव्हाच सुटलाय. ती पडली नाही. हसत सुटली, वाऱ्यासारखी.

त्या घरात खोटं असंच बोललं जायचं. आई ‘मला नाही भूक’ म्हणून शेवटची पोळी बाबांच्या ताटात सरकवायची. बाबा ‘मला आवडतो ओव्हरटाइम’ म्हणत सुटीच्या दिवशी डबा घेऊन निघायचे. कुणी कुणाला पकडायचं नाही. क्षितिजाचं खोटंही त्याच कुळातलं, असं ती दोन वर्षं स्वतःला सांगत आली होती.

आता ती तेवीस वर्षांची होती. चाकांवरून बर्फावर गेली होती. मध्य प्रदेशात बर्फ पडत नाही, पण राज्याचा स्कीइंगचा संघ आहे, आणि त्या संघातल्या चार मुलींपैकी एक ती, इंद्रपुरीतली. उन्हाळाभर ती कारखान्याच्या वसाहतीतल्या रस्त्यांवर चाकांच्या स्की बांधून सराव करायची. रिक्षावाले विचारायचे, ‘बिटिया, बर्फ कहाँ है?’ ती म्हणायची, ‘रास्ते में है, भैया.’

नोव्हेंबर लागला की घरात एकच विषय. यंदा सरावाला जायचं कुठे?

‘काश्मीर सोडून दे,’ बाबा म्हणाले. रविवारची सकाळ होती, पोहे-जिलेबीची ताटं सरकवून त्यांनी मोबाइल मधोमध ठेवला होता. ‘तिथं एकदा वर जायचे पैसे ऐकूनच माणूस गार पडतो, बर्फ कशाला पाहिजे! राहिल्या दोन जागा. हिमाचलातलं रूपाथाच, नाहीतर उत्तराखंडातलं कुंडीधार. रूपाथाचला दिवसाचं लिफ्टचं तिकीट हजार. गेल्या साली आठशे होतं. कुंडीधारला सतराशे.’

‘कुंडीधार,’ क्षितिजा म्हणाली.

‘काहून गं? महागाच्याच मागे काहून लागतेस तू दरवर्षी?’

‘बर्फ मस्त आहे बाबा तिथला. मतलब, कडक असतो.’

‘आणि मग तिकीट तर काढतच नाहीस! पायीच चढतेस! जिथं फुकट चढायचं तिथं भाव कशाला बघायचा मग?’ बाबा हसले आणि आईकडे वळले. ‘मंजूषा, तुझी पोरगी म्हणजे सोन्याच्या दुकानात जाऊन पाणी पिऊन येणारी.’

‘असू द्या हो,’ आई म्हणाली. ‘बापाचा पैसा राखते. कुणाची पोरगी राखते हल्ली?’

क्षितिजाने जिलेबीचा तुकडा तोंडात टाकला. म्हणजे बोलावं लागलं नाही.

खरी गोष्ट अशी होती. दोन हिवाळ्यांपूर्वी रूपाथाचला ती चेअरलिफ्टवर एकटी बसून वर चालली होती. दोराला टांगलेली उघडी खुर्ची, मांडीवर लोखंडी दांडा, पायांना स्की. मधल्या दरीवर आली आणि लिफ्ट थांबली. वीज गेली होती. पुढची खुर्ची रिकामी, मागची धुक्यात. पहिली पाच मिनिटं तिने गाणं म्हटलं. मग वारा सुटला. खुर्ची डोलायला लागली आणि पायांतल्या स्की खाली ओढायला लागल्या, कुणीतरी घोटे धरून बसल्यासारख्या. तिने हाक मारली. बर्फ हाक परत देत नाही. तो पिऊन टाकतो. सव्वा तास ती तिथे होती. वर जाता येत नाही, खाली उतरता येत नाही, हलता येत नाही, रडलं तर पापण्या गोठतात. मग कुठेतरी जनरेटर घरघरला आणि खुर्ची काहीच न झाल्यासारखी पुढे निघाली.

वर सगळे मॅगी खात होते. ‘अरे, आ गई हमारी लटकन!’ कुणीतरी म्हणालं. तीही हसली.

दुसऱ्या दिवशी रांगेत तिचा नंबर आला आणि खुर्ची मागून गुडघ्याला लागली, तशी ती बाजूला झाली. पाऊल उचललंच नाही. प्रशिक्षक शैलेंद्र सरांनी विचारलं, ‘क्या हुआ?’ तिकिटाच्या खिडकीवर त्याच दिवशी नवा भाव चिकटवलेला होता. क्षितिजाच्या तोंडून शब्द असे निघाले, जणू आधीच शिवून ठेवले होते: ‘सर, तिकीट महाग झालंय. मी चढून जाते.’

आणि ती चढली. स्की खांद्यावर, जड बूट, गुडघाभर बर्फ. वर पोचायला पाऊण तास.

सरांनी रात्री बाबांना फोन केला. ‘श्रीकांतजी, हीरा है आपकी बेटी.’ बाबांनी मोहल्ल्यात पेढे वाटले. आई वर्ध्याकडची, जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेली. तिने तर त्यावर ओवीच रचली आणि महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात म्हटली:

बर्फाच्या डोंगरी / पायी चढे माझी लेक
बापाच्या घामाची / राखते गं बाई टेक

बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने डोळे पुसले. क्षितिजा कोपऱ्यात तिळगुळाची वाटी धरून उभी होती. खोटं एकदा ओवीत बसलं की ते कसं काढायचं? शब्द काढला तर चाल मोडते. चाल मोडली तर आईचं तोंड उतरतं.

तेव्हापासून भाव वाढला की तिला सुटल्यासारखं वाटायचं. कुंडीधारला हजाराचे बाराशे झाले, बरं झालं. बाराशेचे सतराशे झाले, फारच बरं. भाव जितका मोठा, तितकी तिची भिंत उंच. फक्त एक होतं. लिफ्टने जाणाऱ्या मुली दिवसात चौदा वेळा उतार घेत, ती चार वेळा. मागच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत ती अकरावी आली होती. यंदा जानेवारीत पुन्हा तीच स्पर्धा होती, आणि सरांनी स्पष्ट सांगितलं होतं: पहिल्या सहांत नाही आलीस, तर पुढच्या साली संघात जागा नाही.

पोहे-जिलेबीच्या त्या रविवारनंतर बाबांनी पंधरा दिवस दोन-दोन पाळ्या केल्या. ते कारखान्यात क्रेन चालवायचे, जमिनीपासून साठ फुटांवरच्या काचेच्या खोलीत बसून. घरी येत तेव्हा मान वाकडी झालेली असे. आईने विचारलं तर म्हणत, ‘माणसं कमी आहेत.’

शनिवारी संध्याकाळी ते आले आणि खिशातून एक कार्ड काढून क्षितिजाच्या गळ्यात घातलं. लाल फीत, आत छापील कागद. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्लास्टिकमध्ये बंद करून आणलेला. त्यावर तिचा बारावीतला फोटो होता, दोन वेण्यांचा.

‘कुंडीधार,’ बाबा म्हणाले. ‘पूर्ण हंगामाचा पास. कितीही वेळा बस, कितीही वेळा उतर. एक डिसेंबरपासून पुन्हा भाव वाढणार होता, म्हणून आजच घेऊन टाकला. पैसे परत मिळत नाहीत म्हणे. मी म्हटलं, मागतंय कोण?’

क्षितिजाने कार्ड हातात धरलं. प्लास्टिक अजून कोमट होतं.

‘बोल की काहीतरी!’ आई म्हणाली. ‘बघा, पोरीचे डोळेच भरले.’

‘आणि अजून ऐक,’ बाबा म्हणाले. ‘एलटीसी मंजूर झाली, प्रवासाचं भाडं कारखाना देणार. यंदा आम्ही पण येतोय, दहा दिवस. वेबसाइटवर बघितलं मी, तिथली खुर्ची तिघांची आहे. मधे तू, इकडून मी, इकडून आई.’

मधे तू. तिला ती खुर्ची दिसली. दोन्ही बाजूंनी माया, मांडीवर दांडा, खाली काही नाही.

‘बाबा, माझी सवय... मला चढायची सवय झालीय आता. पाय तयार होतात त्याने.’

‘पाय झाले तयार. आता उतार तयार कर. चाराचे चौदा होऊ देत.’

‘पण एवढा खर्च—’

‘ते तू नाही बघायचं. दोन वर्षं बघितलंस ना? बस झालं.’

ज्या दरवाजाआड ती आजवर लपत आली, तोच त्यांनी काढून नेला होता. बिजागऱ्यांसकट.

आईला मात्र धाकधूक होती. ‘मी आपली सरळ सांगते, मला उंचीची भीती वाटते. तुम्ही बापलेकी बसा लोंबकळत.’

‘मग उद्याच काढू तुझी भीती,’ बाबा म्हणाले. ‘लालघाटीकडच्या टेकडीवर रोपवे आहे की! एक चक्कर मारून येऊ. सराव म्हणून.’

क्षितिजा रात्रभर कूस बदलत राहिली. तिला आईचा हेवा वाटत होता. मला भीती वाटते. किती सहज म्हणाली! कढीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

रविवारी टेकडीखाली गर्दी होती. भाजलेल्या कणसांचा धूर, फुगे, रांग. क्षितिजाने तीन वेळा तोंड उघडलं. पहिल्यांदा बाबा तिकिटं काढत होते. दुसऱ्यांदा आईने तिचा हात घट्ट धरला. ‘तू आहेस ना शेजारी, मग मला काही नाही.’ तिसऱ्यांदा समोर पाळणा आला. चौघांपुरती पेटी, दोन बाजूंना बाकडी, जाळीची खिडकी.

‘मैं पायऱ्यांनी—’ ती हिंदी-मराठीत अडखळली. ‘बाबा, मी पायऱ्यांनी येते वर.’

‘वेडी का खुळी! इथंही पैसे वाचवते! अगं, तिकीट काढलंय!’

‘मैडम, बैठिए, जल्दी, पीछे लाइन है,’ फलाटावरचा माणूस ओरडला.

आई आत बसली होती, डोळे मिटून, हात बाहेर पसरून. तो हात क्षितिजाने धरला आणि त्या हातानेच तिला आत ओढलं. दार लागलं. कडी बाहेरून पडली. पायाखालची जमीन मागे सरकली, संपली.

तिने नजर स्वतःच्या बुटांवर ठेवली. बाकड्याची कड धरली. 

‘तो बघ मोठा तलाव!’ बाबा म्हणाले. ‘मंजूषा, उघड डोळे. काही होत नाही. मी रोज बसतो असा, तीस वर्षं झाली.’

आईने एक डोळा उघडला. ‘अय्या, खरंच की! केवढं पाणी!’ मग दुसराही उघडला. ‘अहो, मला तर मजा वाटायला लागली.’

बाबा हसले. मग हसणं थांबलं आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. बोलले तेव्हा आवाज वेगळा होता, पाळी संपवून आलेल्या माणसाचा.

‘तुला एक सांगू, क्षितू? शैलेंद्र सर फोनवर तुझं कौतुक करायचे ना, पायी चढते, पायी चढते म्हणून... मी हो-हो म्हणायचो. पेढेही वाटले. पण फोन ठेवला की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. लोकांच्या पोरी खुर्चीत बसून जातात. माझी एकच पोरगी, ती खांद्यावर ओझं घेऊन बर्फातून चालते. का? तर बाप क्रेनवर बसतो आणि पोरीला खुर्चीत बसवू शकत नाही. दोन वर्षं मला नीट झोप नाही बघ. आई ती ओवी म्हणायची, तेव्हा मी उठून अंगणात जायचो. पाणी घालायला.’

‘अहो, हे कधी बोलला नाहीत,’ आई म्हणाली.

‘काय बोलायचं? पोरगी अभिमानाने चढते, तिला काय सांगू की मला लाज वाटते? आज बरं वाटतंय. आज तिच्या गळ्यात पास आहे.’

क्षितिजाने मान वर केली. बाबांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिला दिसली. तिला वाटलं होतं, दोराला ती एकटीच लटकली आहे. दोन वर्षं तिने बाबांनाही तिथेच लटकवून ठेवलं होतं. त्यांना हाकही मारता आली नव्हती.

पाळणा एका खांबावरून खडखडत गेला. तिचा हात बाकड्यावरून निसटून बाबांच्या मनगटावर घट्ट बसला. बाबांनी आधी मनगटाकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे. चेहऱ्यावर घाम होता. नोव्हेंबरात.

‘क्षितू? काय गं? बरं नाही वाटत?’

‘बाबा, पैशांसाठी नव्हते चढत मी.’

‘म्हणजे?’

‘एकदाही नाही. तिकीट फुकट असतं तरी मी बसले नसते. रूपाथाचला लिफ्ट बंद पडली होती. सव्वा तास मी वर एकटी होते, दरीवर. हाका मारल्या, कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी खुर्ची आली आणि पायच उचलेनात. सरांनी विचारलं तर तोंडातून तिकीट निघालं. मग तुम्ही पेढे वाटले, आईने ओवी केली, आणि मला मागे फिरताच येईना.’ ती मनगट धरूनच बोलत राहिली. ‘मला भीती वाटते, बाबा. खुर्चीची, दोराची, या पेटीची. आत्ता वाटतेय. मला खूप भीती वाटतेय.’