जोडीचा पास

"साडेआठला मोठा दरवाजा," कंट्रोलर कागदावर पेन्सिल टेकवत म्हणाले. "तेव्हा गर्दी नसते. सव्वादहाला राजवाडा. बाराला तळ्याकाठी बसून डबा खायचा, हॉटेलात शिरायचं नाही. दुसऱ्या दिवशी संग्रहालय, त्या सकाळी तिकीट नसतं."

"आणि बायका?" त्यांच्या बायकोनं विचारलं. ती समोर शाळेच्या गणवेशांना बटणं लावत बसली होती.

"कुठल्या बायका?"

"अहो, दरवाज्यावरच्या! दगडातल्या. शंभरावर आहेत म्हणे, आणि एकीसारखी दुसरी नाही. मी त्यांच्यासाठी चाललेय, तुमच्या डब्यासाठी नाही."

बस डेपोत गाड्या वेळेवर सोडणं हे कंट्रोलरांचं काम. एकतीस वर्षं तेच केलं, त्यामुळे गल्लीतही त्यांना कुणी दुसऱ्या नावानं ओळखत नसे. सुट्टीच्या दिवशी गर्दी जास्त, म्हणून सुट्टीतही ड्यूटी. नवरा-बायको दोघं मिळून कुठे फिरायला म्हणून गेली नव्हती. तो दरवाजा असलेलं जुनं शहर जेमतेम सहा तासांवर, पण तेही राहून गेलं होतं.

आता निघायला कारण घडलं होतं. साखरेनं बायकोचा उजवा डोळा कधीच खाल्ला होता. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी डाव्यात बराच वेळ दिवा धरून पाहिलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "शिरा फार नाजूक झाल्यात. उपचार चालू ठेवू, पण किती दिवस टिकेल याची खात्री देत नाही. काही बघायचं असेल तर बघून घ्या."

म्हणून हा बेत. आणि बेतात एकच अडचण होती, ती म्हणजे पास. डेपोतल्या माणसाला वर्षातून एकदा जोडीचा पास मिळे. नवरा-बायकोनं कुठेही जावं, फुकट. यंदाचा पास मुलीच्या बाळंतपणाला जाताना वापरून झाला होता. नवा मिळायला सात आठवडे होते.

मुलीनं फोनवर कानीकपाळी ओरडून सांगितलं, "बाबा, तिकिटाचं मी बघते. तुम्ही उद्याच्या उद्या निघा!"

"हक्काचा पास असताना तिकीट काढू? डेपोतली पोरं हसतील मला. सात आठवड्यांत काय आभाळ कोसळतंय?"

"बरं," बायको म्हणाली आणि तिनं दातानं दोरा तोडला.

माणूस कंजूष होता का? छे! आईच्या आजारपणात यानंच हात सैल सोडला होता. पण वेळेआधी गाडी सोडणं त्याच्या रक्तातच नव्हतं. गाडी खच्चून भरो, ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थको, मिनिटकाटा जागेवर आल्याशिवाय यांची शिट्टी वाजत नसे. तोच हिशेब त्यांनी घरातही लावला. आणि तिथेच घात झाला.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी ते चहा गाळत होते. बायको खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, "अहो, वीज गेली का?"

खिडकी सताड उघडी होती. ऊन टेबलावर आलं होतं, तिच्या हातांवर आलं होतं. कंट्रोलरांच्या हातातला चहा ओट्यावर सांडला.

डोळ्यात रक्त उतरलं होतं. डॉक्टरांनी दोनदा प्रयत्न केले, मग मान हलवली.

पास ठरल्या दिवशी मिळाला. कंट्रोलरांनी तो गुपचूप कपाटात ठेवला. संध्याकाळी बायकोनंच विचारलं, "आला का पास?"

"आला."

"मग निघायचं कधी?"

"आता जाऊन तू काय..."

"तुम्ही बघायचं आणि मला सांगायचं. तीस वर्षं घरात तोंडाला कुलूप लावून बसलात, आता दोन दिवस बोला."

बरोबर साडेआठला दोघं मोठ्या दरवाज्यासमोर उभी राहिली. बायकोनं त्यांचं कोपर धरलं होतं.

"सांगा."

"दरवाजा आहे. मोठा आहे."

"ते ठाऊक आहे. पुढे?"

"बायका आहेत. पुष्कळ आहेत." कंट्रोलरांना शब्द सापडेनात. आयुष्यभर पाट्या वाचल्या, गाड्यांचे नंबर वाचले. एखाद्या चेहऱ्याकडे थांबून बघितलं होतं कधी? वरच्या ओळीत एक बाई खांद्यावरून मागे वळून बघत होती, हसत होती. हे सारं बायकोला दिसायला हवं होतं. सात आठवड्यांपूर्वी दिसलं असतं. आणि भर रस्त्यात माणूस लहान मुलासारखा रडायला लागला.

"माझं चुकलं गं. तेव्हाच निघायला हवं होतं."

"चुकलंच," बायको म्हणाली. "मला फार राग आहे तुमचा. पण आधी डोळे पुसा. घरात आता तेवढेच दोन आहेत."

त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"हं. पहिली बाई काय करतेय?"

"केस विंचरतेय," कंट्रोलर म्हणाले. "कोपरापासून हात तुटलाय तिचा, पण विंचरतेय."

"आणि तिच्या शेजारची?"

ते एक पाऊल पुढे सरकले, तिला हाताला धरून, आणि मान वर करून बघू लागले.