व्हॅटिकनमध्ये चार दिवस

दादाला येत काही नव्हतं, पण विचारायची हौस दांडगी. संध्याकाळी कामावरून आला की बूट काढायच्या आधी तो धाकट्या दोघांना भिंतीशी उभं करायचा. टिकली दहा वर्षांची, ढब्बू सात.

"हं, युरोप! फ्रान्सची राजधानी?"

"पॅरिस."

"शाबास." एवढं मात्र त्याला ठाऊक होतं.

दादा एका सहल कंपनीत होता. काम काय, तर प्रवाशांच्या बॅगांना नावागावाचे बिल्ले बांधायचे. तीन वर्षांत बॅगा जगभर हिंडून आल्या आणि हा पठ्ठ्या गोदामाच्या दारापलीकडे गेला नाही. आता मालकीणबाईंनी जाहीर केलं होतं, की युरोपच्या सहलीबरोबर एक माणूस पाठवायचाय. सोमवारी तोंडी परीक्षा, पास होईल तो जाईल. दादाला ती जागा हवी होती, अगदी जीव जाईल इतकी हवी होती. पण घरी त्याने अवाक्षर काढलं नाही. उद्या आपटलो तर या दोन चिमुरड्यांसमोर अब्रूचा पंचनामा कोण करून घेणार?

घरात नकाशांचं पुस्तक एकच, टिकलीला शाळेत बक्षीस मिळालेलं. मागितलं असतं तर पोरीने आनंदाने दिलं असतं. पण दहा वर्षांच्या बहिणीपुढे हात पसरायचा? छे! त्यापेक्षा रोज दोन देश पाठ करायला सांगायचे, संध्याकाळी विचारायचे, आणि शाबास शाबास म्हणत उत्तरं आपण गोळा करायची. परीक्षा त्यांची, अभ्यास ह्याचा. डोकं आहे की नाही?

गाडी अडली स्वित्झर्लंडपाशी.

"बर्न," टिकली म्हणाली.

टण्णकन टपली बसली. "बर्न म्हणे! झ्युरिक! अगं, झ्युरिकचे शंभर बिल्ले बांधलेत मी या हातांनी!"

टिकली म्हणजे खाली मुंडी पाताळ धुंडी. डोकं चोळत आत गेली, पुस्तक उघडलं, ढब्बूला बोट ठेवून दाखवलं. बर्न.

"ह्याला काही म्हणजे काही येत नाही," ती म्हणाली. "आपल्याकडूनच शिकतोय आणि वर टपल्या मारतोय."

दुसऱ्या दिवसापासून दोघांनी पुस्तक मिटून ठेवलं आणि तोंडं उघडली. ऑस्ट्रियाची राजधानी साल्झबर्ग. शाबास! नेदरलँड्समध्ये जिकडे बघावं तिकडे उंच डोंगर. शाबास! ढब्बूला तर चेवच चढला. "व्हॅटिकन इतका मोठा देश आहे, की ओलांडायला आगगाडीला अख्खी रात्र लागते!" टिकलीने घाबरून डोळे मिटले. आता फुटलं बिंग! पण दादा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "शाबास. पाठांतर सुधारतंय."

सोमवारी सकाळी आई दादाच्या शर्टाला इस्त्री करत होती. "आज परीक्षा आहे त्याची. पास झाला तर युरोपला जाईल पोरगा," ती म्हणाली. त्याची लगबग पाहून हा बेत तिने हेरला होता की मालकीणबाईंचा निरोप आला होता, कोण जाणे. पण ते ऐकलं मात्र, दोघं आरशासमोर भांग पाडणाऱ्या दादाकडे धावली.

"दादा, साल्झबर्ग नाही, व्हिएन्ना!"

"नेदरलँड्स सपाट आहे रे, पोळपाटासारखं!"

"व्हॅटिकन एवढुसं आहे," ढब्बू रडवेला झाला, "चालत चालत पार होतं!"

दादाने दोघांना एकेक टपली दिली. "काल सगळं बरोबर येत होतं, आज विसरलात? एका रात्रीत? पालथ्या घड्यावर पाणी!" आणि शीळ घालत बाहेर पडला. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

मालकीणबाईंनी चष्मा पुसून विचारलं, "ऑस्ट्रियाची राजधानी?"

"साल्झबर्ग!" दादाने ठणकावलं.

"नेदरलँड्सला प्रवाशांनी सोबत काय घ्यावं?"

"डोंगर चढायचे बूट. आणि म्हाताऱ्यांना काठी."

"व्हॅटिकनला किती दिवस ठेवाल?"

"चार तरी हवेत. नाहीतर निम्मा देश बघायचा राहून जाईल, बाई."

बाईंनी चष्मा काढला. "हे तुला कुणी शिकवलं?"

दादा क्षणभर गडबडला. सात वर्षांच्या पोराचं नाव सांगायचं? "कुणी नाही. माझा मीच अभ्यास केला."

"कुणी चुकीचं शिकवलं असतं, तर महिनाभर पुस्तकं देऊन परत बोलावलं असतं तुला. मेहनती आहेस. पण स्वतःच्या अभ्यासावर इतका भरवसा असलेल्या माणसाच्या हाती मी चाळीस जीव देणार नाही. जा, बिल्ले बांध."

संध्याकाळी पोरं दारातच उभी होती. दादा आला, पडलो तरी नाक वर. "बाईंचा भूगोल कच्चा आहे," तो म्हणाला. "मी साल्झबर्ग म्हटलं तर तोंडच पडलं त्यांचं."

टिकलीला रडू फुटलं. "दादा, आम्ही मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं. तू मारायचास म्हणून. चुकलं आमचं."

"मला काय कळत नव्हतं?" दादा हसला. मोठ्याने हसला. "तुम्ही किती थापा मारता, तेच तर बघत होतो मी."

टिकलीने डोळे पुसले. ढब्बू मात्र त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. पोर सात वर्षांचं, त्याला खरंच कळेना.

"मग बाईंना तेच का सांगितलंस?"

दादा वाकून बुटाची नाडी सोडू लागला. ती केव्हाच सुटलेली होती.