गाण्यात न आलेला शब्द

पेडण्याहून मांद्र्याला निघालेल्या बसमध्ये ड्रायव्हरने ते गाणं लावलं, तसे गोकुळदास मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. महिनाभर जत्रेत, लग्नात, ज्याच्या त्याच्या मोबाईलवर तेच वाजत होतं. गाण्यात गोव्यातली मुलगी मोझांबिकच्या मुलावर जीव टाकते आणि बाप तिला घराचं दार बंद करतो. गाणारी सिद्धी ही मास्तरांचीच लेक, हे बसमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बापूस म्हणजे निव्वळ दगड!" पुढच्या सीटवरची बाई म्हणाली.

"तसां नाय गो," तिची मैत्रीण म्हणाली. "फुडलां आयक."

मास्तरांनी फुडलं कधी ऐकलंच नव्हतं. एरवी पहिल्या कडव्यालाच ते उठून जात. आज चालत्या बसमधून जाणार कुठे? शेवटच्या कडव्यात मुलगी सांगत होती, पेटीवर बोट धरून मला सूर शिकवला तो बाबांनीच, आणि ते रागावले तेही मी परमुलखात एकटी पडेन या भीतीने.

चार वर्षांपूर्वी सिद्धीने पसंत केलेला डॅनियल दारात उभा असताना त्याच्या काळ्या रंगावरून मास्तर जो शब्द बोलले होते, तो त्यांना लख्ख आठवला. गाण्यात उंबरठा होता, आईचं रडणं होतं. तो शब्द तेवढा नव्हता. अख्ख्या गोव्यासमोर लेकीने बापाची लाज राखली होती.

घरी पोचताच ते बायकोला म्हणाले, "फाल्या डिचोलीक जावया. सिद्धीकडे."

सत्यवतीने देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी डिचोलीला दार डॅनियलनेच उघडलं. मास्तरांनी हात जोडले. "मी तुका वायट बोललंय. माफ कर माका."

त्याने ते जोडलेले हात आपल्या हातांत धरले. "बाबा, भितर येयात," तो सिद्धीकडून शिकलेल्या बोलीत म्हणाला.

चहा झाल्यावर मास्तरांनी लेकीला हळूच विचारलं, "तो शब्द गाण्यात कित्याक घातलंस नाय?"

सिद्धी डोळे पुसत हसली. "तालात बसाक नाय, बाबा."

मास्तर तालाचे पक्के. दोन अक्षरांचा शब्द तो, कुठेही बसला असता. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.