सोवळ्यातलं बोट

माझ्यासारखं शिकलेलं गाढव अख्ख्या पेडण्यात सापडायचं नाही. प्रयोगशाळेत दिवसभर मी जंतूंचं विष कुठल्या जनुकातून तयार होतं ते शोधते. आणि इब्रामपूरला घरी आले की शेवंतीकाकीपुढे मान खाली!

शिरगावच्या जत्रेआधी आमच्याकडे लईराई देवीचं व्रत धरलेल्या अकरा धोंडांचं जेवण होतं. माझ्या बोटाला फोड होता, वर पट्टी. काकी म्हणाली, "काढ गो ती. सोवळ्यात पट्टी चलणा नाय." मी काढली. आंघोळ करून ओलेत्यानं नारळाचा रस पिळला, शिजलेल्या मणगण्यात, म्हणजे चणाडाळीच्या खिरीत, ओतला आणि पातेलं दुपारपर्यंत झाकून ठेवलं. संध्याकाळी अकराही धोंड ओकत होते. त्यांतले सगुणकाका तर दवाखान्यात.

खापर फुटलं मंजुळावर. बेळगावकडची, आमची भांडी घासणारी. पाणी तिनं भरलं होतं ना! काकीनं तिला दारातूनच परत पाठवलं. आणि मी मेली गप्प राहिले.

उरलेलं मणगणं मी लॅबमध्ये नेलं, सोबत माझ्या फोडातला पू. तीन आठवड्यांनी दोन्हींतल्या जंतूंच्या जनुकांचे नकाशे पडद्यावर शेजारी शेजारी आले. तेच जंतू, विषाचं जनुक त्याच जागी.

काकीला सांगितलं, तर म्हणाली, "घरातला घरात रवांदे. तिका काय, दुसरीकडे काम गावतला."

मी तडक मंजुळाच्या खोलीवर गेले. ती दोन वर्षांच्या ताराला चमच्यानं भात भरवत होती. पोर तोंड फिरवत होती. मंजुळाच्या हातांची सालं निघाली होती.

"सोड्यानं घासते ताई, रोज. विष हाय म्हणत्यात न्हवं माझ्या हातात? म्हणून पोरीला हातानं भरवत न्हाई."

मला रडूच फुटलं. "विष माझ्या बोटात होतं गो! तुझा काही दोष नाही."

तिनं विचारलं, "कवा कळलं?"

"परवा." मग खोटं बोलवेना. "संशय पहिल्याच दिवशी आला होता."

मंजुळानं चमचा बाजूला ठेवला. बोटांनी भात कालवला. तारानं आ केला. माझ्याकडे न बघता तिनं ताटली संपवली, पोरीचं तोंड पुसलं, तिला कडेवर घेतलं.

"चला," ती म्हणाली. "अकराजणांना बोलवा. त्यांच्याम्होरं सांगा."