सावली पुसणारा दिवा

मी फोटो स्टुडिओतला दिवा बोलतोय. हल्ली पेटत नाही, तेव्हा आवाजावरूनच ओळखा.

बासष्ट साली आनंदरावांनी महाल भागात स्टुडिओ टाकला, तेव्हा आम्ही दोन दिवे एकदमच आलो. दुसरा बाजूला उभा राहायचा आणि चेहऱ्यावर सावली पाडायचा. मी समोर उभा राहून ती पुसायचो. गिऱ्हाइकांचा लाडका अर्थातच मी. माझ्या उजेडात रंग उजळायचा, डोळ्यांखालची वर्तुळं नाहीशी व्हायची. लग्नाच्या मुलींचे फोटो तर माझ्याशिवाय निघतच नसत. मी जरा चढूनच गेलो होतो.

आनंदरावांना नाद होता काळ्या-पांढऱ्या रहस्यपटांचा. दुपारच्या खेळाला जायचे आणि खून कुणी केला हेच विसरून यायचे. त्यांच्या लक्षात भलतंच राहायचं. जिन्यावरच्या माणसाची सावली त्याच्याहून मोठी पडली, म्हणजे तो स्वतःलाच भ्यालाय. खिडकीच्या गजांची सावली बाईच्या तोंडावर आली, म्हणजे ती आपल्याच घरात कोंडलेली आहे. माणूस पडद्याच्या एका कोपऱ्यात आणि बाकी सगळी रिकामी भिंत, म्हणजे त्याला कुणी उरलेलं नाही. त्यांच्या पत्नी कांताबाई तांदूळ निवडता निवडता नुसतं हूं हूं करायच्या. लहानगी प्रेमिला, त्यांची एकुलती एक मुलगी, मात्र कान देऊन ऐकायची.

मग ते प्रयोग करू लागले, तेही मला विझवून. शेजारच्या मारोतरावांची बायको नुकतीच वारली होती. त्यांना फक्त बाजूच्या दिव्यात बसवलं, जवळ एक रिकामी खुर्ची ठेवली आणि कॅमेरा पार मागे नेला. फोटो हातात घेतला आणि मारोतराव तिथेच रडले. आनंदराव किती दिवस त्या फोटोबद्दल बोलत होते. मला फार राग आला होता, खोटं कशाला बोलू?

अठ्ठ्याहत्तर साली प्रेमिलाला स्थळ आलं. मुलगा कोराडीच्या वीज केंद्रात, नोकरी पक्की, क्वार्टर मिळालेलं. तो येऊन तिला बघून गेला होता. आता त्याच्या घरच्यांना दाखवायला फोटो हवा होता. प्रेमिला हो म्हणाली नव्हती, नाही म्हणाली नव्हती. घरच्यांनी तो होकारच धरला.

ती पांढरी साडी नेसून स्टुलावर बसली. आनंदरावांनी प्रयोगांच्या सवयीने बाजूचा दिवा लावला आणि फोटो काढला. फोटो धुऊन ते बाहेर घेऊन आले तेव्हा मीही पाहिलं. अर्धा चेहरा अंधारात. उजेडातला डोळा कॅमेऱ्याकडे नव्हता, दाराकडे होता. बोटांनी स्टुलाची कड घट्ट धरलेली, आणि डोक्यावर सगळी काळी भिंत. आनंदरावांनी तो ओला फोटो खिडकीशी नेऊन नीट न्याहाळला. पडद्यावरच्या परक्या बायांची मनं वाचणारा माणूस. त्यांना हे वाचता आलं नसेल असं मी म्हणणार नाही.

कांताबाईंनी मागून डोकावून बघितलं. "असा फोटो पाठवाल तर पोरगी नापसंत होईन. समोरचा दिवा लावा."

त्यांनी मला लावलं. मला केवढा आनंद झाला! मी तिच्या चेहऱ्यावरून सगळं पुसून टाकलं. कॅमेरा जवळ आला आणि भिंत, हात, सगळं फोटोबाहेर गेलं. उरली एक गोरी, शांत मुलगी. आठ दिवसांत होकार आला. तिला एकदा विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही, आणि मला तर पेटायचीच हौस होती.

तीन वर्षांनी एका दुपारी ती कोराडीच्या बसने एकटीच आली. चपलांवर वीज केंद्राची राख होती. तोंडावर पदर होता. वकिलाला फोटो हवाय, एवढं सांगून ती त्याच स्टुलावर बसली आणि पदर काढला.

"एकच दिवा लावा बाबा. बाजूचा."

गालाची सूज, ओठावरची चीर, त्या दिव्याने सगळं दाखवलं. आनंदरावांनी फोटो काढला.

"तवा काहून नाही बोलली वं?" त्यांनी विचारलं.

"तुमाले दिसलं होतं न, बाबा," ती म्हणाली. "मले वाटलं, बोलाची गरज नाही."

फोटो वकिलाकडे गेला. तारखा पडत राहिल्या, सासरची माणसं येऊन बसली, नातेवाइकांनी समजूत घातली. ती परत सासरी जायला निघाली तेव्हा आनंदराव दारात आडवे उभे राहिले, जाऊ नको म्हणाले. ती त्यांच्या बाजूने वाट काढून गेली.

त्या संध्याकाळी त्यांनी माझी वायर कापली. आता स्टुडिओ बंद आहे. लोक रंगीत फोटोवाल्याकडे जातात, तिथे सगळा उजेड समोरूनच पडतो. मी माळ्यावर पडून आहे. इथून समोरच्या भिंतीवर प्रेमिलाचा तो पहिला फोटो दिसतो, अर्ध्या अंधारातला. माझा उजेड त्यावर पडला नव्हता, म्हणून ती अजून तिथे दिसते.

कुणी भंगारवाला आला तर मला देऊन टाका. पण वायर जोडून कुणाला विकू नका, एवढं माझं ऐका.